मान, अंगठा आणि गार्डसाहेबांची दाढी

१४ जुलै
दाढीचं पाणी गरम की गार, उजव्या अंगठ्याला कळलंच नाही. डावा हात घातला तर चटका बसला. मान वर्षभर दुखतेच आहे, पण हे नवीन. वस्तरा सगळा अंगठ्यावर तोलतो. बडनेऱ्यात दुकान टाकल्यापासून पहिल्यांदा घाबरलो. घरी सुनीताला सांगितलं नाही.

१६ जुलै
तिला कळलंच. माझ्या हातातून कप सुटला. लगेच अमरावतीला नेलं. डॉक्टर म्हणाले मानेत नस दबली. फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं. "काम कसं करता, दाखवा." सुनीताला खुर्चीत बसवून खोटी दाढी केली. ती हसू दाबत होती, मॅडम नाही. मान पुढे, पाठ गोल. इतकी वर्षं गिऱ्हाइकाच्या तोंडात डोकं घालून उभा आहे मी.
"मान मोडून घेता का?" रोज. बार्शीटाकळीचा चुलतभाऊ राजू दुकानात असतो, तो संध्याकाळी कडकन मोडून देतो. मॅडम उठूनच उभ्या राहिल्या. बंद म्हणजे बंद.

१८ जुलै
माझी बंद, मग लोकांची कशी मोडू? पण आपलं नाव त्या आवाजावरच. दाढी झाली की डावीकडे कडक, उजवीकडे कडक. राजूला सांगितलं, आजपासून कोणाचीच नाही.
"दादा, दुकान बुडवतं काय?"
बुडालं तर बुडालं.

२१ जुलै
गार्डसाहेब चिडले. रेल्वेतून रिटायर्ड, दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक. "काहून नाई मोडत? माही मान काय काचेची हाये?" समजावलं. टॉवेल फेकून समोरच्या दुकानात गेले. फार लागलं मनाला.
मॅडमनी सांगितलं तशी खुर्ची उंच केली. गिऱ्हाईक उठलं की हनुवटी मागे ओढायची. राजू म्हणतो, "दादा, कोंबडा दिसून राहिला."

२५ जुलै
श्रावण लागला. दाढीवाले निम्मे गायब. एरवी या महिन्याला शिव्या घालतो, यंदा बरा वाटला. वस्तरा राजूकडे, मी नुसतं मशीन चालवतो. विचारलं तर सांगतो खांदा दुखतो. साफ खोटं.

२९ जुलै
गार्डसाहेब आले! समोरच्याने मान मोडली पण गाल सोलला. खुर्चीत बसले, मान मागे टाकली. "तूच कर. राजू नोको." साबण लावला, वस्तरा उघडला. गळ्याशी नेला आणि थांबलो. अंगठ्याचं सगळं सांगून टाकलं. रडायलाच आलं.
उठले नाहीत. "चालव. माहा भरोसा हाये."
"माझा नाही साहेब."
तोंड पुसलं त्यांचं. मग म्हणाले, "राहू दे मंग दाढी. तुहा अंगठा ठिकाणावर आला का पयली माही."

९ ऑगस्ट
अंगठ्यात मुंग्या. मॅडम म्हणतात, बघू, घाई नको. मान वाकवायची नाही, म्हणून मोबाईल डोळ्यांसमोर धरून बघतो. सुनीता : "ओवाळून राहिले काय त्याले?"
गा. सा. रोज येऊन पेपर वाचतात. पेपर मांडीवर ठेवला की मी ओरडतो. त्यांची दाढी वाढली, पांढरीशुभ्र. एकाने विचारलंच, "साहेब, तुमी तं जयभीमवाले, श्रावण कवापासून पाळून राहिले?"
"माहा श्रावण या दुकानातला हाये."
मी आरशाकडे तोंड केलं.

२२ ऑगस्ट
पोळा. आजपर्यंत जमवायचंच असं ठरवलं होतं. शिकताना करायचो तसं फुग्याला साबण लावून वस्तरा फिरवला. फटकन फुटला. गार्डसाहेबांनी आपला गळा चाचपला. दुसरा आणला. तोही गेला. उद्या परत.

२४ ऑगस्ट
श्रावण संपला. दुकानात ही गर्दी. राजू घामाघूम. सगळ्यांच्या दाढ्या उतरल्या, गा. सा. तसेच. बाजारात लोक विचारतात म्हणे, कोण वारलं?
गर्दी ओसरल्यावर फुगा घेतला. मान सरळ, कोपर अंगाशी, सावकाश. पूर्ण केला, फुटला नाही! गा. सा. लगेच खुर्चीत, मान मागे. "झालं?"
"फुगा झाला साहेब. गळा नाही. उद्या अजून फुगे."
"मंग चहा तरी सांग."
चहा आला. पेला उजव्या हाताने उचलला. अंगठ्याला गरम लागलं. की नुसतं वाटलं? पेला खाली ठेवला, परत उचलला. गार्डसाहेब दाढी खाजवत बघत होते.