तिसऱ्या प्रकरणाचा आधार

३ फेब्रुवारी

प्रबंधाचं तिसरं प्रकरण चोरीचं आहे! पहिली दोन रडतखडत लिहिलेली, आणि तिसऱ्यात एकदम — ‘नदीला घाई नसते, घाई आपल्याला असते.’ हे माझ्या विद्यार्थिनीचं वाक्य? शक्यच नाही. हे ह्यांचं. भूगोलाच्या वर्गात आयुष्यभर म्हणायचे.

संध्याकाळी मला कॉलेजात थांबावं लागतं, म्हणून विश्वासाने तिला ह्यांच्याजवळ बसवते. आणि बाईसाहेबांनी माझ्यामागे ह्यांच्या टिपणांचं कपाट उघडलं!

४ फेब्रुवारी

विचारलं. “कपाटाला हातही लावला नाही, मॅडम. सर स्वतः बोलले.”

धडधडीत खोटं. विसरण्याचा आजार जडल्यापासून ह्यांच्या तोंडून धड दोन वाक्यं नाहीत. म्हटलं, छापलं नाही म्हणजे बेवारस नाही. त्यावर हक्क ह्यांचाच. आधार दाखव, नाहीतर प्रबंधावर माझी सही विसर. रडली. रडणं हा काही आधार नव्हे.

५ फेब्रुवारी

जेवताना ह्यांनाच विचारलं, “तिला काही सांगितलंत का?” ताटात बघत राहिले. मग, “तो पूर... त्या साली...” साल सांगितलं ते चुकलं. मी दुरुस्त केलं. पुन्हा तोंडाला कुलूप.

डॉक्टर म्हणतात, बोलतं ठेवा. पण चुकीचं कसं बोलू द्यायचं? कोणी काही म्हटलं की “कशावरून?” ही माझी जुनी खोड. ह्यांनीच नाव ठेवलं होतं — तळटीपबाई. तेव्हा हसायचे. आता घर खायला उठतं.

८ फेब्रुवारी

प्रकरण दुरुस्त होऊन आलं. ह्यांचं प्रत्येक वाक्य अवतरणात, खाली नाव, ‘वैयक्तिक संभाषण’ आणि तारीख. सगळ्या तारखा गेल्या महिन्यातल्या! सोबत ह्यांना विचारून केलेलं रेकॉर्डिंग. नियमाला धरून, बोट ठेवायला जागा नाही.

थोडं ऐकलं. ह्यांचाच आवाज. अडखळत, पण भरभरून बोलतायत. साल इथेही चुकलं; तिने नुसतं “मग, सर?” म्हटलं. हे पुढे बोलत राहिले.

माझ्याशी का नाही? फार राग आला. तिचा की ह्यांचा, कळत नाही.

९ फेब्रुवारी

सही केली. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. ती म्हणते, “हे मॅडमना सांगा ना, सर. किती आनंद होईल त्यांना!” हे म्हणतात, “नको गं. ती लगेच चूक काढते.”

चहा दिला तेव्हा हे म्हणाले, “आज सोमवार.”

मंगळवार होता. मी “हो” म्हटलं. आणखी काही बोलतील म्हणून थांबले. नाही बोलले.