वसिष्ठाची दुरुस्ती

रविवार, जेवणं आटोपल्यावर. चिखली

दुर्बीण माझी, आणि स्क्रू फिरवले नितीनने!

हौस सासूबाईंची. नितीन-कोमलच्या लग्नात मांडवाच्या लाइटमध्ये अरुंधती दिसलीच नाही, गुरुजींनी नुसतं बोट दाखवून उरकलं, तर आता दिराला आणि नव्या जावेला तू दुर्बिणीतून दाखव. अंधार पडल्यावर मागच्या अंगणात लावून दिली. आधी कोमलने पाहिलं आणि ओरडलीच, "ताई, अरुंधती तिकडे लांब आहे, पण वसिष्ठच दोन आहेत! अगदी चिकटून." कसली खूश झाले मी. वसिष्ठ जोडताराच आहे, आणि तो तिला न सांगता दिसला.

मग नितीनने डोळा लावला. "वहिनी, एकाचे दोन दिसत्यात. अलाइनमेंट गेलीय." अरे, ते दोनच आहेत, असं मी म्हणेपर्यंत याने किल्ल्यांच्या जुडग्यातली ॲलन की काढून आरशामागचे स्क्रू आवळलेसुद्धा. वर्कशॉपमधलं मशीन आहे का ते? आता प्रत्येक ताऱ्याला शेपूट, आणि वसिष्ठ म्हणजे एक फिसकटलेला ठिपका. "झाला बघा एक!" सासूबाई म्हणतात, "त्याच्या हातात कलाच हाय." कला! खिशात ॲलन की असली की झाली कला?

आरसा मी पुन्हा जुळवीन, पुढचा रविवार जाईल. राग त्याचा नाही एवढा.

नितीनने बायकोला विचारलं, "आता किती दिसत्यात गं?"

"एकच," कोमल म्हणाली.

तिने पुन्हा डोळा लावलाही नव्हता.