बाबांची खिडकी

श्रीगोंदा,
२० जून १९९९

चि. महेंद्र यास,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे इथे खुशाल. तिकडची खुशाली मी परवा डोळ्यांनी बघून आले, म्हणून विचारत नाही. मी न जेवता का निघाले असं रश्मी विचारत होती. बिचारीला वाटलं, भाजीत काही कमी-जास्त झालं. तिला सांग, भाजी चांगली होती, माझा घास तुझ्यामुळे उतरला नाही.

अरे, बाबांची खिडकी तू विटा लावून बुजवलीस? का, तर पुढच्या अंगणात गाळा काढायचा होता. लकवा झाल्यापासून त्या माणसाला दुसरं होतं काय? उजवी बाजू गेली, आई गेली, कारखान्याचे सोबती पांगले. राहिली होती ती रस्त्यावरची खिडकी. सायकलवरून जाणारा बन्सीमामा पाय टेकवून दोन शब्द बोलायचा. बाजारच्या दिवशी अर्धी वस्ती जयभीम रंभाजी म्हणून पुढे जायची, आणि बाबा डावा हात उचलून प्रत्येकाला जबाब द्यायचे. त्यांचा दिवस त्यावर जायचा.

आणि आता त्याच जागी तू कॉम्प्युटरचा पडदा बसवलास, वर तीच जुनी चौकट आणि तेच गज. आत आपलाच रस्ता, आपलीच माणसं. तोंडं हलतात, आवाज नाही. त्या काचेला बाबा जयभीम करत होते आणि मी दारात उभी राहून बघत होते. तेवढ्यात लाईट गेली आणि खोलीत मिट्ट काळोख झाला. मला तर कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तुला कसं काहीच वाटत नाही?

आधी ती भिंत फोड, मग मला पत्र लिही. यांचा, म्हणजे योगेशरावांचा, तुला जयभीम.

माया आहेच, पण सध्या ती रागाखाली दबली आहे.
तुझी ताई,
वृषाली


राहाता,
२८ जून १९९९

ती. ताईस,
सा. जयभीम.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघूनच रश्मी म्हणाली, जेवून घ्या आणि मग वाचा. मी ऐकलं नाही, चूक केली.

ताई, तू वर्षातून चार दिवस येतेस आणि मुकादमकी करून जातेस. बाबांना उठवणं, बसवणं, अंग पुसणं, रात्री कूस बदलणं, हे कोण करतं? त्या खिडकीतून काय येत होतं ते तरी तुला माहीत आहे का? शिर्डीच्या गाड्या दिवसरात्र धावतात. धूळ, धूर, हॉर्न. खोकून खोकून बाबांचा जीव जायचा. डॉक्टरच म्हणाले, खिडकी बंद ठेवा. मग गाळा काढला तर काय बिघडलं? तिथे औषधाचं दुकान येतंय, भाड्यातून बाबांच्याच गोळ्यांना हातभार लागेल.

आणि मी नुसती भिंत घालून गप्प बसलो नाही. माझ्या कॉम्प्युटर क्लासमधला चांगला रंगीत मॉनिटर काढून दिला. कॅमेरा भाड्याने आणला. नगरला जाऊन शूटिंगची सीडी करून घेतली. फिरून फिरून तीच लागते, कुणी हात लावायला नको. लाऊडस्पीकरने आवाज फाटला होता म्हणून तो काढला. आणि दिवस कुठला निवडला सांगू? चौदा एप्रिल. अख्खी वस्ती नवे कपडे घालून रस्त्यावर, निळे झेंडे, बाबासाहेबांच्या फोटोची मिरवणूक. बाबांना वर्षात त्याच्याइतका आवडता दिवस नाही. मी त्यांना रोज जयंती दिली, ताई. असं कुठल्या मुलाने केलंय?

शिर्डीच्या लॉजवाल्या आबासाहेबांच्या आतल्या खोल्यांना खिडक्याच नाहीत. तिथे असेच पडदे बसवायचे म्हणून ते येऊन बघून गेले. चार लोकांना घेऊन परत येतो म्हणालेत. परक्या माणसाला माझ्या कामाची किंमत कळते, सख्ख्या बहिणीला कळत नाही.

राग आलाय, तो लपवत नाही. तरी लहान समजून सांभाळून घे.
तुझा,
महेंद्र


राहाता,
११ जुलै १९९९

ती. ताईंना,
रश्मीचा सविनय जयभीम.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. बाबा पडले. डावं मनगट मोडलं, प्लॅस्टर घातलंय. तोच एक हात चालत होता. आता पाणीसुद्धा मला पाजावं लागतं आणि ते तोंड फिरवून घेतात. घाबरू नका, बाकी मार नाही.

कसे पडले ते यांनी तुम्हाला कळवलं नसतं, म्हणून मी कळवते. त्या पडद्यावर बाबासाहेबांचा फोटो आला की बाबा उठून उभं राहायला बघायचे. फोटोपुढे त्यांना बसवत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जयंतीला दोघं धरून उभं करायचो. पण आता मिरवणूक रोज येते, दिवसातून कितीतरी वेळा येते. मी कामात असले की ते एकटेच खाटेच्या दांडीला धरून धडपडायचे. मी यांना दोनदा सांगितलं. हे म्हणाले, बरं आहे, तेवढाच व्यायाम होतो. त्या दिवशी आबासाहेब पाहुणे घेऊन आले होते. सगळे बुटासकट खोलीत उभे राहून पडद्याचं कौतुक करत होते. बाबांना कुणी विचारत नव्हतं. तेवढ्यात फोटो आला, बाबा उठले आणि त्या सगळ्यांसमोर कोसळले.

हे घाबरले हो, रडलेसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी काय केलं, तर जयंतीची सीडी काढून कोकणातल्या समुद्राची लावली. बाबा मला म्हणाले, "मला काय येड लागलंय का? ती पेटी हाय हे मला पहिल्या दिसापास्नं ठावं हाय. पन साहेबाचा फोटू म्होरं आला, की मन पडून ऱ्हात न्हाई." मग समुद्राकडे पाठ करून झोपले. तेव्हापासून यांच्याशी बोलणं बंद आहे. मलासुद्धा आता यांचा राग येतो, ताई. तुम्हीच काहीतरी करा.

तुमची माया अशीच पाठीशी असू द्या.
आपली,
रश्मी


श्रीगोंदा,
१६ जुलै १९९९

महेंद्र,
जयभीम.

मला सगळं कळलं. कुणी कळवलं म्हणून घरात कुणावर ओरडलास, तर गाठ माझ्याशी आहे.

तेवढाच व्यायाम होतो म्हणालास? ज्या माणसाने ढोपरं फुटेस्तोवर राबून तुला कॉम्प्युटरच्या कोर्सला घातलं, त्याला तू लॉजवाल्यांना दाखवायचा नमुना केलास. तुझी करामत चांगली असेल. ज्यांच्या खोलीला खिडकीच नाही, त्यांना दे, ते दुवा देतील. बाबांना खिडकी होती. ती तू काढून घेतलीस आणि वर तिचं चित्र दिलंस. आणि उपकार केल्यासारखं मला लिहितोस.

पंचवीस तारखेच्या रविवारी मी जीप घेऊन येते आणि बाबांना इकडे आणते. माझं घर लहान आहे, पण खिडकी गल्लीवर उघडते. त्यांची भांडी, कपडे बांधून ठेव.

लोभ राहील की नाही ते आता सांगवत नाही.
वृषाली


राहाता,
२२ जुलै १९९९

ती. ताईस,
सा. जयभीम.

जीप आणू नकोस. बाबा येणार नाहीत. माझ्याशी नाही, पण रश्मीशी बोलले, की लेकीकडं पाव्हना म्हणून जाईन, हाकलून लावलेला म्हणून जानार न्हाई.

काल मी क्लासला गेलो होतो. बाबांनी रश्मीकरवी बन्सीमामाला आणि शेजारच्या भीमाला बोलावलं. दोघांनी खाट उचलून नव्या गाळ्यात नेली, शटर पूर्ण वर केलं आणि रस्त्याकडे तोंड करून बाबांना बसवलं. औषधवाला सामान लावायला आला, तर बाबा म्हणाले, या, बसा, खाट मात्र हलायची न्हाई. तो तासभर थांबला आणि चिडून निघून गेला. आता येणार नाही असा निरोप आहे. आबासाहेबांनीही ज्या घरात म्हातारा पडला त्या घरचं काम नको म्हणून कळवलं. रश्मी सकाळपासून हसते आहे. सगळे मिळून मला शत्रू ठरवून बसलात.

मला निरोप मिळाला तेव्हा डोक्यात तिडीक गेली. तसाच सायकल मारत आलो. आज काय तो निकाल लावायचाच, असं ठरवून आलो होतो. ताई, घर बांधल्यापासून मी त्या बाजूने कधी घरी आलो नव्हतो, आपलं नेहमी मागच्या बोळातून. रस्त्यावरून बाबा कसे दिसतात ते मी कधी बघितलंच नव्हतं. येणाराजाणारा थांबत होता, प्लॅस्टर बघून हळहळत होता. हात उचलवत नव्हता, तरी बाबा प्रत्येकाला मान हलवून जयभीम करत होते.

मी समोर जाऊन उभा राहिलो. बाबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. नजर तल्लख होती, ओळख नव्हती असं मुळीच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, "जयभीम. कुनाचा रं तू?"

बन्सीमामा बाजूला उभा होता, रस्त्यावर माणसं होती. मला लाजेने मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "रंभाजीचा."

"मंग असा रस्त्यात का हुबा?" म्हणाले, आणि खाटेवर अंग चोरून माझ्यापुरती जागा केली.

तुझा,
महेंद्र