धाकट्याचा अपुरा चित्रपट

प्रिय धाकट्या,

जेवणखाण वेळेवर करतोस ना? त्या संकलनाच्या खोलीत शिरलास की तुला तहानभुकेची शुद्ध राहत नाही, हे मला ठाऊक आहे. फोनच केला असता. पण फोनवर तू मला नीट बोलू देत नाहीस. जरा कुठे मनातलं निघालं की 'आई थांब, हे परत सांग, रेकॉर्ड करतो' म्हणतोस. कागदावर तशी सोय नाही, म्हणून लिहायला बसले.

ताई सध्या इथेच आहे, मुलांना घेऊन. स्वयंपाकघराचा ताबा तिने घेतलाय आणि मला ऊठबस करू देत नाही. गच्चीवरची टाकी गळत होती, ती दुरुस्त झाली. फाटकावरची बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटीही जावयांनी उतरवली. खिळे इतके गंजले होते की पाटीचा एक कोपरा फाटकालाच राहिला.

पाटी उतरताना तुझा पहिला चित्रपट आठवला. शिकवायची गाडी बाबांनी तुला आठवडाभर देऊन टाकली होती. शिकणारी माणसं सकाळी फाटकाशी येऊन उभी राहायची आणि बाबा त्यांना सांगायचे, 'आज गाडी शूटिंगला गेलीय, उद्या या.' सांगताना चेहरा असा, की गाडी नाही, ते स्वतःच शूटिंगला गेलेत. मग तो चित्रपट तू कुठे कुठे पाठवलास! सगळीकडून एकच उत्तर यायचं, तुमचं काम आवडलं, पण. त्या 'पण'च्या पुढचं तू वाचायचा नाहीस. बाबा वाचायचे, चष्मा लावून, मोठ्याने, आणि म्हणायचे, 'आवडलं असं लिहिलंय की रे, पुढच्या वर्षी घेतील.' तू लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ काढलेस, जाहिरातवाल्यांकडे दिवे उचललेस, तुझे केस पिकायला लागले तरी बाबांचं 'पुढच्या वर्षी' चालूच होतं. तुझ्यावर इतका विश्वास तर मीसुद्धा ठेवला नाही, खरं सांगते.

पुढे त्यांनाच रस्ते आठवेनासे झाले. ज्या माणसाने अर्ध्या गावाला गाडी शिकवली, तो कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायचा रस्ता चुकला. तू शहरातली कामं सोडून घरी आलास तेव्हा मी ताईला म्हटलं होतं, बघ, मुलगा म्हणून जन्माला आल्याचं सार्थक केलं याने. कॅमेरा सोबत होता, पण तो तर तुझ्या गळ्यात कायमच असतो. बाबाही खूश. सकाळी भांग पाडून तुझ्यासमोर बसायचे आणि विचारायचे, 'सुरू करायचं का साहेब?'

मग त्या चित्रपट महोत्सवाच्या बाई आल्या. मला आवडल्या, उगाच नावं का ठेवू? माझ्याशी ओट्याजवळ उभ्या राहून किती वेळ बोलल्या. त्याच महोत्सवात आधी दारावर तिकिटं फाडायच्या, मग पाहुण्यांना स्टेशनवरून आणायच्या, मग कुणालाच बघायचे नसतात ते चित्रपट ढिगाने बघत बसायच्या. आता त्यांनी मान हलवली की माणसाचं आयुष्य बदलतं. 'दहा मिनिटांत कळतं हो, पुढचं मी सभ्यपणा म्हणून बघते,' असं म्हणून हसल्या. बाबांच्या हनुवटीवर वरण ओघळलं तर स्वतःच्या रुमालाने पुसलं. बाबांवरचा तुझा चित्रपट त्यांनी अपुऱ्या चित्रपटांच्या विभागात घेतला, तेव्हा तू मला उचलून गरागरा फिरवलंस. माझी कंबर धरली होती, आठवतं?

त्या दिवशी थिएटरात मी बाबांना मधल्या खुर्चीत बसवलं होतं, नवा शर्ट घालून. पडद्यावर आपलं न्हाणीघर आलं. बाबा ओल्या फरशीवर पडलेले, एक पाय बादलीत अडकलेला, अंगावर काही नाही. मला हाका मारताहेत, मग ताईला, मग स्वतःच्या आईला. मी तेव्हा औषधं आणायला गेले होते. परत आले तेव्हा तू म्हणाला होतास, 'बाबा जरा घसरले होते, उचललं मी.' उचललंस, पण त्याआधी किती वेळ दारात उभा होतास, ते मला सगळ्या लोकांबरोबर कळलं. हाका मारून मारून त्यांचा आवाज बसला तरी तुझा हात हलला नाही. आणि त्या अंधारात बाबा माझा दंड धरून मोठ्याने म्हणाले, 'अगं, त्या म्हाताऱ्याला कुणी उचलत का नाही?'

लोकांना हुंदके फुटले. नंतर उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, सगळे वाजवताहेत म्हणून. आणि तू मंचावरून सांगितलंस की तुझ्या चित्रपटाला याहून मोठी दाद मिळणार नाही. मला वर बोलावलंस. मी बाबांचा हात धरून बसूनच राहिले. लोकांना वाटलं, आई गहिवरली.

बाई नंतर घरी आल्या. मी चहा घेऊन येत होते आणि तुम्ही व्हरांड्यात उभे होतात. त्या हळूच म्हणाल्या, 'मुख्य स्पर्धेत नक्की घेईन, पण याला शेवट नाहीये. घाई करू नकोस, थांब.' तू म्हणालास, 'डॉक्टर म्हणतात फार थांबावं लागणार नाही.' अगदी सहज, बस कधी येणार हे सांगावं तसं. मी चहा दिला. तू म्हणालास, 'आई, साखर कमी आहे.'

संकलनासाठी शहरात परत जाताना बाबांच्या खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा लावून गेलास, आणि सांभाळणाऱ्या मावशींना बटण कुठलं ते शिकवून गेलास. 'श्वास वेगळा वाटला की आधी हे दाबा, मग मला फोन करा, मग डॉक्टरांना.' मावशी साधी बाई, तिने हे मला जसंच्या तसं सांगितलं, आणि विचारलं, 'वहिनी, डॉक्टरांना शेवटी का हो?' तुझी गाडी वळणावरून गेली तसा तो कॅमेरा मी काढला आणि कपाटात गाद्यांच्या मागे ठेवला.

बाबा गेले, धाकट्या. मागच्या सोमवारी. सगळं आटोपलं, पोचवून आलो, आलेली माणसंही परतली. तुला कुणी कळवायचं नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. त्या दिवशी सकाळी ते एकदम भानावर आले होते. मला नावाने हाक मारली, ताईच्या पोरांना ओळखलं, आणि विचारलं, 'धाकटा कुठंय? त्याला बोलवा.' तू निघाला असतास तर दुपारपर्यंत पोचला असतास, ते संध्याकाळी गेले. ताई फोन करायला धावली, मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. ती माझ्याशी अजून धड बोलत नाही. बाबा दाराकडे बघत होते, मी त्यांना म्हटलं, 'येतोय, निघालाय.' नवऱ्याशी मरताना खोटं बोलले आणि मला त्याचा पस्तावा नाही. तू दारातून आत कसा आला असतास, ते मी पडद्यावर पाहिलंय. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावून तुझ्यासाठी निरोप सांगितला. दोनच वाक्यं, पण स्पष्ट. दुसऱ्या कुणी ऐकली नाहीत. तुला ती सांगितली तर तू चित्रपटात घालशील, म्हणून सांगणार नाही. विचारायलाही येऊ नकोस.

तुझीच,
आई