आमची तेल्यामुक्त बाग

२ जुलै
आजपासून रोजनिशी. कारण भावनिक नाही. नोंद ठेवणं ही शिस्त आहे. हे कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

परिस्थिती अशी. निमगाव केतकीच्या अलीकडे आमची दोन एकर डाळिंबाची बाग. जात भगवा, मृग बहार धरलेला. आजूबाजूच्या बागांत तेल्या आहे, आमच्या बागेत कधीच आलेला नाही. तेल्या हा जिवाणूचा रोग. पानावर किंवा फळावर तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग येतो, तो काळा होतो आणि फळ उकलतं. एकदा शिरला की सहजी निघत नाही. लोक वैतागून बागच काढतात.

मी वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. बारामतीत एमआयडीसीजवळ एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी. दिवसभर परक्यांच्या बागा तपासते. आमच्या बागेला मात्र घरातच डॉक्टर आहे.

अण्णांचा गुडघा आता बागेत चालू देत नाही. शेजारच्या युवराजला बाग वाट्याने द्यायचं त्यांच्या मनात आहे. मी हरकत घेतली. अण्णा म्हणाले, "ह्यो बहार डाग न लागता निघू दे, बाग तुझी. लागला तर युवराजला देतो. कागदावरचं डॉक्टर आमी लई बघितल्यात." अट मान्य केली. निकाल लागलेला आहे, अण्णांना तेवढा कळायचा आहे.

४ जुलै
बंदोबस्त पूर्ण. फाटकाजवळ जंतुनाशक पाण्याचं घमेलं. पाटी: ‘परवानगीशिवाय प्रवेश बंद. चपला-बूट बुडवून आत या.’ कात्र्या प्रत्येक झाडानंतर बुडवायच्या.

खुरपायला येणाऱ्या बानूबाई म्हणाल्या, "आगं बया, देवळात बी एवढं पाय धुवायला लावत न्हाईत." त्यांना जिवाणू म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि देवाला बुडवतात तशी एकेक चप्पल बुडवली.

युवराज बांधावरून विचारत होता, "मॅडम, कोंबड्यांचं कसं करायचं? त्यांना बूट न्हाईत." दुर्लक्ष केलं. त्याच्या बागेतून वारा आमच्याकडे येतो, ही गोष्ट नोंदवून ठेवते.

बागेत रोग शिरण्याच्या सगळ्या वाटा तपासल्या. फाटक, बांध, पाटाचं पाणी, मजूर, अवजारं, रोपं. स्वयंपाकघराचं मागचं दार बागेत उघडतं, पण ते घर आहे. वाट नाही.

९ जुलै
तात्याबांच्या बागेत भेट, इंदापूरच्या पलीकडे. आंबे बहाराची, म्हणजे उन्हाळ्यात वाढलेल्या डाळिंबांची, तोड चालू आहे. तेल्या भयंकर. निम्मा माल उकललेला. त्यांना स्पष्ट सांगितलं, पडलेलं फळ, उकललेलं फळ, साल, काडी, काहीही बागेत राहता कामा नये. गोळा करा आणि जाळा. तात्याबा म्हणाले, "पण मॅडम, आत दाणा गोड हाय की." लोकांना गोडी दिसते, जिवाणू दिसत नाहीत.

निघताना त्यांच्या पत्नी कुशाबाई पिशवी घेऊन आल्या. "लेकीबाळीला रिकाम्या हातानं पाठवत न्हाईत." डागी फळं. व्यापारी घेत नाही, पण आत खरंच लालभडक. शेतकऱ्यांकडून भेटवस्तू घ्यायची नाही हा माझा नियम आहे. डाळिंब ही भेटवस्तू नाही. निरोप घ्यायची पद्धत आहे. नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं.

घरी आल्यावर बूट, कात्री, स्कूटीची चाकं, भिंग, सगळं निर्जंतुक केलं. पेनसुद्धा. पिशवी आईकडे दिली.

१६ जुलै
या आठवड्यात चार बागा. चारही ठिकाणी तेल्या. चारही ठिकाणी पिशवी. आई खूश. अण्णांचं रक्त कमी आहे, त्यांना रोज सकाळी रस. आई म्हणाली, "तुझ्या शिक्षणाचा ह्यो एक उपेग झाला बघ." विनोद असावा.

आईचं एक धोरण आहे, घरातलं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही. ताकाचं भांडं विसळलेलं पाणीसुद्धा तुळशीला. मागास वाटतं, पण निरुपद्रवी आहे.

२४ जुलै
बागेची पाहणी. प्रकृती उत्तम. स्वयंपाकघरामागच्या पहिल्या ओळीची झाडं विशेष काळीभोर आणि जोमदार. माझ्या खतांच्या वेळापत्रकाचं फळ. वेळापत्रक सगळ्या ओळींना सारखंच आहे, पण जोम त्याच ओळीला का, याचा अभ्यास करावा लागेल. बहुधा घराच्या आडोशामुळे.

३ ऑगस्ट
सलग पाऊस, ढग, दमट हवा. तेल्याला हवं तसं. युवराजच्या बागेतून पानं आणली. चोरून नव्हे. तो तिथे नव्हता, एवढंच. सगळी पानं निरोगी निघाली. नमुना अपुरा.

११ ऑगस्ट
ऑफिसात सरांना सुचवलं की आमच्या बागेत शिवारफेरी घ्यावी. आसपासच्या शेतकऱ्यांना दिसू दे की शास्त्र पाळलं की काय होतं. सर म्हणाले, स्वतःच्याच बागेत? मी म्हटलं, पुरावा तिथेच आहे. तारीख ठरली, १४ सप्टेंबर, रविवार.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बहार अजून झाडावर हाय. आधीच हार कशाला घालून घेतीस?" वयाप्रमाणे माणूस घाबरट होतो.

१८ ऑगस्ट
इंदापुरातून फ्लेक्स आणला. उलगडून पाहिला. मोठ्या हिरव्या अक्षरांत: ‘आदर्श तेल्यायुक्त बाग’. खाली माझा फोटो.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, एकाच अक्षराचा तर फरक हाय." त्याला मुक्त आणि युक्त यांतला फरक सांगितला. तो म्हणाला, दुसरा छापतो, पण हा परत घेत नाही. आईने जुना फ्लेक्स घडी घालून ठेवला. "असू दे. पावसाळ्यात कडब्यावर टाकायला हुईल." माझा फोटो कडब्यावर.

२३ ऑगस्ट
पहिल्या ओळीत, मागच्या दाराजवळच्या झाडावर, एका पानावर एक डाग. तेलकट.

शांतपणे विचार केला. दार स्वयंपाकघराचं. काल आईने भजी तळली. तेल उडालेलं असणार. पान पुसलं. डाग गेला नाही. तेल जुनं असेल.

२६ ऑगस्ट
त्याच झाडावर अकरा पानं. एका फळावर बारीक काळा ठिपका. इतक्या पानांवर भजी उडत नाहीत.

पान प्रयोगशाळेत नेलं. डागाची कड कापून पाण्याच्या थेंबात ठेवली. तेल्या असेल तर कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट निघतो. लोट निघाला. काच अस्वच्छ असावी. काच बदलली. लोट निघाला. भिंग बदललं. तिसऱ्यांदा फारच सुंदर लोट निघाला.

तर तेल्या आहे. आता प्रश्न एवढाच की कुणी आणला.

२७ ऑगस्ट
संशयित: युवराज. अडचण: त्याची बाग पश्चिमेला, आजारी झाड पूर्वेला, मध्ये आमची निरोगी बाग. खुलासा: वारा घराला धडकून मागे वळतो.

दुसऱ्या संशयित: बानूबाई. आज त्यांना विचारलं, आणखी कुणाच्या बागेत कामाला जाता का? त्या म्हणाल्या, "जाती की. पर तुमच्यापरीस कमीच बागा हिंडती मी, बाय." प्रश्नाचं उत्तर टाळण्याची ही जुनी पद्धत आहे.

२ सप्टेंबर
अण्णा डेअरीवर दूध घालायला गेल्यावर आजारी पानं तोडली. ही लपवाछपवी नव्हे. नमुने घेतले. सगळेच घेतले. आई दारात उभी होती. "काय तोडतीस?" नमुना. "एवढा?" आकडेवारीसाठी मोठा नमुना लागतो.

बोर्डो मिश्रणाची फवारणी केली. अण्णांनी विचारलं तर खबरदारी म्हणून सांगितलं. खोटं नाही. फक्त उशिरा घेतलेली खबरदारी.

११ सप्टेंबर
तीन झाडं. शिवारफेरी रद्द करावी का, असा विचार आला. शास्त्रज्ञाने घाबरून चालत नाही. पाहुण्यांना फाटकातून आणून उरलेल्या ओळी दाखवायच्या. पहिल्या ओळीकडे जायचं कारण नाही. मार्ग आखला.

तात्याबांनी काल फोन करून आवर्जून येतो म्हटलं. गेल्या आठवड्याच्या भेटीत त्यांनी दिलेलं पोतं अजून निम्मं शिल्लक आहे. आई म्हणाली, पाहुण्यांना त्याचाच रस देते. तात्याबांचंच फळ तात्याबांना. छान कल्पना. मीच संमती दिली.

१४ सप्टेंबर, रात्री
पन्नासेक लोक आले. सगळ्यांनी बूट बुडवले. युवराजने दोनदा, हात जोडून. नवा फ्लेक्स फाटकावर. मुक्त.

भाषण चांगलं झालं. मी सांगितलं, रोग वाऱ्याने कमी आणि आपल्या हाताने जास्त येतो. आजारी फळाची साल बागेत टाकणं म्हणजे रोगाला जेवायला बोलावणं. लोक माना डोलावत होते.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. आई परात घेऊन बाहेर आली. पन्नास माणसांच्या रसाच्या साली. तिने पदर खोचला आणि परात पहिल्या ओळीतल्या झाडाच्या बुडाशी उपडी केली. सवयीने, न बघता.

कुणीतरी विचारलं, काकू, हे काय? आईला वाटलं, कौतुकाने विचारतायत. म्हणाली, "रोजच टाकती की. पायल आणती त्या समद्या डाळिंबांच्या साली हितंच. खतच हाय त्ये. बघा झाडं कशी काळीभोर हायेत."

पन्नास माणसं आखलेला मार्ग सोडून पहिल्या ओळीकडे गेली. तात्याबा वाकले. साल उचलली, उलटसुलट केली. म्हणाले, "मॅडम, ही तर माझी हाय. ह्यो उकलल्याला डाग मी झोपंत बी वळखीन." कुणी पान उलटलं, कुणी फळ फिरवलं. डाग दिसायला भिंग लागलं नाही.

मी सांगितलं, संसर्ग कसा पसरतो याचं हे प्रात्यक्षिक होतं. टाळ्या पडल्या नाहीत. युवराज म्हणाला, "पाय मात्र समद्यांनी धुतलं हां."

रस कुणी घेतला नाही.

१५ सप्टेंबर
अण्णांनी युवराजला बोलावलं. तो नम्रपणे म्हणाला, "अण्णा, राग मानू नका, पण तेल्या आलेली बाग वाट्यानं कोण घेतंय?" तो गेल्यावर अण्णा गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "मग बाग तुझीच."

म्हणजे अट मी जिंकले असं म्हणता येईल.

आई म्हणत होती, "चूक माझी. मला काय ठावं, साल बी आजारी असती." तीनदा म्हणाली. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी साडेतीनशे शेतकऱ्यांना सांगितलं, फोनवर, सभेत, बांधावर. तिला नाही. हे तिथेच बोलायला हवं होतं. फवारणीचं पाणी मोजत होते, वेळ मिळाला नाही.

१७ सप्टेंबर
बागेची मालकीण म्हणून पहिलं काम: पहिल्या दोन ओळींची फळं तोडून जाळणे. अजून पेरूएवढी होती. आईने एक फळ हातात घेऊन बघितलं. वाटलं, ठेवून घेईल. तिने ते जाळावर टाकलं आणि हात पदराला पुसायला गेली. मी जंतुनाशक दिलं. तिने हात धुतले.

पुढच्या ओळी वाचतील का, सांगता येत नाही. हे वाक्य मी दुसऱ्यांच्या बागांत रोज बोलते. ते एवढं लांब आहे हे माहीत नव्हतं.

२३ सप्टेंबर
तात्याबांकडे भेट. त्यांची बाग आता लख्ख. एक साल नाही, एक काडी नाही, सगळं जाळलेलं. माझ्या सल्ल्याचा परिणाम उशिरा का होईना दिसतो.

निघताना कुशाबाई सवयीने पिशवी घेऊन दारात आल्या. तात्याबांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. म्हणाले, "न्हाय, न्हाय. मॅडम आज रिकाम्या हातानं जात्याल." कुशाबाईंना ते बरं वाटलं नाही. त्यांनी माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

घरी आले तर फाटकावरचा नवा फ्लेक्स उतरवलेला. त्याच्या जागी जुना, ‘आदर्श तेल्यायुक्त बाग’, माझ्या फोटोसकट. अण्णा म्हणाले, रस्त्यानं जाणाऱ्यांना खरं कळू दे. आई म्हणाली, "आन् छापलेलं वाया गेलं न्हाई." घमेलं फाटकापाशी नव्हतं. अण्णांनी ते उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवलं होतं.

आईने नेहमीसारखा पिशवीसाठी हात पुढे केला. मी रिकामे हात दाखवले. तिने हात मागे घेतला. मग घमेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आधी पाय बुडव."

बुडवले.