आमची व्हॅन आणि घरातले फितूर

३ मार्च. सकाळ.
मुलगी बाळाला घेऊन राहायला आली. आल्या आल्या म्हणाली, बाबा, तुमच्या व्हॅनमध्ये बाळ बसणार नाही. मागे एअरबॅग नाही, बाळाची सीट अडकवायला हूक नाही. एकोणीस वर्षांची इमानी गाडी! मुलगी स्वतः तिच्यातूनच शाळेत गेली. धडधाकट आहे.
संकल्प : व्हॅन सुरक्षित आहे हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करणे.

५ मार्च.
प्रयोग केला. बाळाच्या वजनाचं कलिंगड मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलं. साठच्या स्पीडला करकचून ब्रेक. कलिंगड थेट पुढच्या काचेवर. बायको शेजारीच होती. कलिंगडाला खांदे नसतात, म्हणून पट्टा निसटतो, हे तिला समजावलं. ती केसांतल्या बिया काढत होती.

८ मार्च.
मेकॅनिककडे गेलो. वीस वर्षांपासूनचा दोस्त, माझीच बाजू घेणार. तो म्हणाला, साहेब, ही विका असं मी वहिनींना दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. दोन वर्षं! केसाने गळा कापला.

१५ मार्च.
बायकोने परस्पर बुक केलेली नवी व्हॅन आली. दारं आपोआप सरकतात, आठ एअरबॅग, मागे कॅमेरा. माझ्यासारख्या कसलेल्या ड्रायव्हरला हे सगळं कशाला? असो. हळूहळू वळण लावीन तिला.

१८ मार्च.
गाडी उद्धट आहे. लेन जराशी सुटली की कोकलते, स्टीअरिंग हातातून ओढते. विचार करायला क्षणभर डोळे मिटले, तर पडद्यावर : आपण थकला आहात, विश्रांती घ्या.

२२ मार्च.
विश्वासघात. गाडी दर आठवड्याला माझा रिपोर्ट बायकोच्या फोनवर पाठवते! अचानक ब्रेक एकतीस. लेन सोडणे चव्वेचाळीस. डुलकी दोन. दुसरी डुलकी नव्हतीच, शिंक होती. बायकोने किल्ली पर्समध्ये टाकली. म्हणाली, बाळ असतं हो गाडीत, मला भीती वाटते. माझ्याकडे सडेतोड उत्तर तयार होतं. पण खिशातली दुसरी किल्लीही काढून दिली.

२९ मार्च. संध्याकाळ.
बाळाला लस द्यायला निघालो. बायको स्टीअरिंगवर, मुलगी आणि बाळ मधे, मी तिसऱ्या रांगेत. तिथून रस्ता सांगत राहिलो. कुणी ऐकेना. मग डोळे मिटून निषेध नोंदवला. उघडले तेव्हा दवाखाना आलेला, इंजिन बंद, सगळ्या आत गेलेल्या. दारांना चाइल्ड लॉक. काच वाजवली, हातवारे केले.
शेवटी बायको धावत आली. बरं वाटलं. म्हटलं, आठवण झाली एकदाची.
तिने फोन दाखवला. गाडीचा निरोप होता : मागच्या सीटवर लहान मूल किंवा पाळीव प्राणी राहिला असण्याची शक्यता आहे.