पान चौदावरची लाल खूण

रवि., १० जाने. १९५४
पहिलं बक्षीस आपल्याला. आपल्याला म्हणजे मला. मध्या जाऊन आज चाळीस दिवस झाले. विषमज्वर, अकरा दिवसांत गेला. घाटकोपरच्या त्याच्या चाळीमागच्या नाल्यावरचा पूल, विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी आम्ही दोघांनी केलेला. गणित सगळं त्याचं, नकाशे माझे, मॉडेल शेवटी मी एकट्याने पुरं केलं. टाळ्या वाजल्या तेव्हा डावीकडे सरकून उभा राहिलो, त्याला जागा ठेवून. कोणाच्या लक्षात आलं नसावं.
परीक्षक इंजिनियर म्हणाले, परीक्षा झाली की ये, नोकरीचं बघू. आणि पूल खरोखर बांधणार, पावसाआधी! आत्ता पोरं एका फळीवरून नाला ओलांडून शाळेत जातात.

गुरु., १४ जाने.
संक्रांत. मध्याच्या घरी रिकाम्या हाताने गेलो, यंदा त्यांना तिळगूळ नाही. त्याच्या वडिलांनी, नानांनी, पुलाचा नकाशा काचेत बसवून मध्याच्या फोटोशेजारी टांगलाय. हार फोटोला, नकाशालाही. येईल त्याला पोराचं काम म्हणून दाखवतात. "ह्यो माज्या झिलाचो पूल." कोपऱ्यातलं माझं नाव हाराखाली गेलंय. बरंच झालं.

मंगळ., १९
सर म्हणाले, कॉलेजच्या वार्षिक अंकात लेख दे, 'स्पर्धेत भाग घेण्याचे फायदे'. शनिवारपर्यंत. त्यात काय, बसलो लिहायला. पुस्तकातलं हातात उतरतं. सुताराशी बोलायला शिकतो, त्याच्या शिव्याही खातो. दोघांनी एकमेकांचं काम तपासायची सवय लागते...
आमचा नियम लेखात घालावा म्हटलं. मध्याने काळ्या पेन्सिलीने गणित करायचं, मी ते न बघता स्वतः पुन्हा करायचं, जुळलं की लाल खूण. लाल खुणेशिवाय पान उलटायचं नाही. नियम त्याचाच. उदाहरणासाठी वही काढली.
वाट लागली.

बुध., २०
तीनदा केलं. तेच येतं. भार दोन तुळयांवर वाटला जातो म्हणून पान ११वर निम्मा केला, बरोबर आहे. पान १४वर तोच आकडा पुन्हा निम्मा. म्हणजे पुलाच्या तुळया निम्म्याच ताकदीच्या. मॉडेल टिकलं, कारण त्यावर ठेवलेलं वजनही याच आकड्यावरून काढलेलं. परीक्षक लाल खुणा बघून पुढे गेले असणार.
मध्या, गाढवा, तू कसा चुकलास रे?
खाली माझी लाल खूण. ठसठशीत.

शनि., २३
आठवलं. आठवायला नको होतं. ती सहा पानं हातात देताना म्हणाला होता, "दत्त्या, डोकं जड झालंय, अंगात कणकण आहे. नीट बघ हां." मी उभ्या उभ्या सहा खुणा मारल्या. कॉलेजची पोरं जुहूला पोहायला निघाली होती, खाली हाका मारत होती. "झकास आहे रे, तू झोप जा." त्यानंतर त्याने अंथरूण धरलं ते धरलंच.
हल्ली टेबलाशी बसलो की उजव्या हाताला पेन्सिल चावल्याचा आवाज येतो. त्याची खोड. तिथली खुर्ची उचलून बाहेर ठेवली, तरी येतो. आईला विचारलं, तुला काही ऐकू येतं का गं? म्हणाली, "नीट जेवत नाहीस ना, म्हणून होतं तसं."
लेख दिला नाही.

गुरु., २८
नाल्याकाठी सागाची लाकडं येऊन पडली. सोमवारी सकाळी दहाला करवत लागणार, आमच्या मापाने. काम सरांच्या देखरेखीखाली, सर खुशीत. "लेख कुठाय रे?" देतो म्हटलं.
सांगितलं तर मध्याचं नाव जाणार. माझी नोकरीही. खरं लिहायचं तर नोकरी आधी आठवली, मध्या नंतर. लाज वाटते. नाही सांगितलं तर ती पोरं, दप्तरं घेऊन, सगळी एकदम...

रवि., ३१
वही घेऊन नानांकडे गेलो. आधी त्यांना, मग सरांना, असं ठरवून. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, पान अन् पान उलटलं. "माजो झील चुकलो?" हो म्हटलं. ताप होता हेही सांगितलं, तेवढाच त्याच्या बाजूने एक शब्द.
मग त्यांचं बोट थांबलं. "ही लाल खूण कोणाची?"
"माझी."
"कशाक ती?"
"तपासल्याची."
भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "तेका ताप इलेलो. तुका काय झालेला?"
मी उठलो. वही मागायचा धीर झाला नाही, त्यांच्या मांडीवरच राहिली.

सोम., १ फेब्रु.
पहाटे उठून नव्या वहीत सगळं गणित पहिल्यापासून केलं. आता साडेआठ. लाकडांना करवत लागायच्या आत सरांना गाठायचं. ऐकतील का, की मध्याचं जाणं मला सोसत नाही म्हणून घरी पाठवतील, कोण जाणे. दाखवायला जुनी वही नाही.
शेवटच्या पानावर लाल पेन्सिल टेकवली आणि ठेवून दिली. स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही, हाही त्याचाच नियम. खुर्ची आत आणून उजवीकडे ठेवली. आवाज नाही.
आज हवा होता रे.